‘युद्धगलबत’ की फ्रिगेट?

मुंबईच्या गोदीत बांधलेल्या ‘ट्रिंकोमाली’ या ब्रिटिश नौदलाच्या जहाजाला एका लेखात ‘युद्धगलबत’ म्हटले आहे, ते बरोबर आहे का, अशी पृच्छा आहे. माझ्या मते नाही; ती फ्रिगेट, म्हणजे शिडांचे वेगवान, मध्यम आकाराचे लढाऊ जहाज, होती.

मराठ्यांच्या आरमारात गलबत हे लहान, वल्ह्यांवरही चालणारे, हलक्या तोफांचे तारू होते. त्याहून मोठी ती गुराब, जिचे नाव ‘कावळा’ या अर्थाच्या अरबी शब्दावरून आले. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मलबारी सागवानातून घडवलेली आणि 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ तीन डोलकाठ्यांची, 1000 टनांहून अधिक भाराची आणि सर्वस्वी शिडांवर विसंबलेली होती. तिला गलबत म्हणणे म्हणजे वाड्याला खोपटे म्हणण्यासारखे आहे.

अशा जहाजासाठी मराठीत जुना शब्द मात्र आहे: फरगात. पोर्तुगीज ‘फ्रागाता’चेच हे मराठी रूप. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ‘आज्ञापत्र’ या मराठ्यांच्या राजनीतीवरील ग्रंथात आरमाराच्या प्रकरणी, गुराबा फार थोर नकोत आणि फार लहानही नकोत असे सांगताना, वाऱ्यावाचून कामास न येणारी फरगाते बांधण्याचे प्रयोजन नाही, असे बजावले आहे. कोकणच्या खाड्यांत लढणाऱ्यांना जो दोष वाटला, तोच महासागर ओलांडणाऱ्यांना अडचणीचा वाटत नव्हता, एवढाच काय तो फरक! आज हा शब्द कोणाला कळणार नाही. म्हणून ‘फ्रिगेट’च लिहावे.

तरी तेही तिच्या साऱ्या कारकिर्दीला लागू पडत नाही. 1819 मध्ये इंग्लंडला पोहोचल्यावर नेपोलियनविरुद्धची युद्धे संपलेली असल्याने ती अनेक वर्षे बंदरातच पडून राहिली. 1845 मध्ये तोफा 26 वर आणून तिचे कॉर्व्हेट (फ्रिगेटहून खालच्या दर्जाचे, कमी तोफांचे लढाऊ जहाज) करण्यात आले आणि मगच ती उत्तर अमेरिका, वेस्ट इंडीज व पुढे पॅसिफिककडे निघाली. म्हणजे प्रत्यक्ष नौदलसेवेत ती फ्रिगेट नव्हतीच. पुढे ती प्रशिक्षण नौका झाली आणि 1897 नंतर जवळजवळ शतकभर तिचे नावही ‘फुद्रॉयां’ होते. जुन्या नावाने ती आज इंग्लंडमधील हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे.

तेव्हा बांधणीविषयी लिहिताना ‘फ्रिगेट’, 1845 नंतरच्या सफरींविषयी ‘कॉर्व्हेट’, आणि दोन्ही काळ एकत्र आल्यास ‘शिडाचे लढाऊ जहाज’ असे लिहावे. शेवटचा पर्याय घेतल्यास क्रियापदे नपुंसकलिंगी करण्यास विसरू नये. त्या लेखात ‘ती जहाज’ असेही छापले गेले आहे.