मारुती ८०० चं इंजिन मित्रासोबत शनिवार-रविवारी घरीच बांधता येईल का?

तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं: गाव बेळगावकडच्या खानापूरजवळ, गाडी १९९६ ची कार्ब्युरेटरवाली ८००, निळा धूर मारते, ऑइल खाते, दोनदा गरम झालीय. मित्राच्या हाताला पान्यांची सवय आहे, पण पूर्ण इंजिन दोघांनीही कधी खोललेलं नाही. पाच-सहा आठवड्यांत होईल का आणि कुठे फसतं, हा सवाल.

होईल. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, सहा व्हॉल्व्ह, वर एकच कॅमशाफ्ट. शिकायला याहून सोपं कारचं इंजिन आपल्याकडे शोधूनच काढावं लागेल. फसतं ते मधल्या पाच दिवसांत. कुठला बोल्ट कुठला ते डोक्यातून जातं, होनिंग केलेल्या, म्हणजे दगडाने आतून घासलेल्या, बोअरला (सिलिंडरच्या भोकाला) गंज चढतो, अर्धवट आवळलेला नट ‘झालाय की तो’ असं दोघांनाही वाटतं. म्हणून एक वही करा. एकाने पाना चालवायचा, दुसऱ्याने लिहायचं. पूर्ण टॉर्क लावलेल्या, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळलेल्या, प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर नखपॉलिशचा ठिपका द्यायचा. ठिपका नाही म्हणजे बोल्ट आवळलेला नाही, मग कोणाला काहीही आठवत असो.

पहिल्या शनिवारी इंजिन खोलायला घेऊच नका, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघा. इंजिन गरम करा, तिन्ही प्लग काढा, इग्निशन कॉइलची वायर सोडवा, प्लगच्या एकेका भोकात कॉम्प्रेशन गेज लावा, एक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर पाच-सहा सेकंद फिरवा आणि तिन्ही आकडे लिहा. जो कमी येईल त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर गेलेत. जागचा हलला नाही तर दोष व्हॉल्व्हमध्ये नाहीतर हेड गॅस्केटमध्ये (वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग). शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट फुटलंय असं समजा. धूरही सांगतो: रात्रभर उभ्या गाडीने सकाळी स्टार्ट होतानाच निळा धूर मारला आणि मग थांबला तर व्हॉल्व्ह सील गेलेत, चढाला एक्सिलरेटर दिल्यावर मारला तर रिंगा. फक्त सीलवर भागत असेल तर अख्खं इंजिन उतरवायची हौस आवरा.

उतरवताना घराच्या वाशाला चेन पुली टांगू नका. वासा कौलांचं वजन पेलायला घातलेला असतो, लोंबकळत्या इंजिनाचं नाही. लोखंडी तिवई भाड्याने आणा.

हेडचे बोल्ट इंजिन पूर्ण गार असताना, बाहेरून आत, दोन-तीन फेऱ्यांत सैल करा. हेड अल्युमिनियमचं आहे. एका टोकाने सगळे बोल्ट सोडले की ते वाकतं. पुठ्ठ्यावर हेडचा आकार काढून भोकं पाडा आणि बोल्ट त्याच क्रमाने त्यात खोचा. रॉकरचंही तसंच. कनेक्टिंग रॉडच्या कॅप एकमेकांना चालत नाहीत. काढण्याआधी रॉड आणि कॅप दोन्हींवर एकाच बाजूला १, २, ३ असे ठिपके मारा. क्रँकशाफ्ट धरून ठेवणाऱ्या मेन कॅपवर क्रमांक आणि बाण असतात, ते वहीत उतरवा.

आता मोजमाप, खरा निकाल इथेच लागतो. हेडवर सरळपट्टी उभी, आडवी आणि तिरकी ठेवा. खालून ०.०५ मिमीची फिलर पट्टी शिरली तर हेड फेसिंगला, म्हणजे मशिनवर सपाट करायला, जाणार. दोनदा गरम झालेल्या गाडीचं जाणारच, असं धरून चाला. बोअरचं मूळ माप ६८.५० मिमी. वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजा. झीज सर्वात जास्त वरच्या कडेच्या जरा खाली असते. ती कड नखाला अडत असेल तर नुसत्या रिंगा बदलून भागणार नाही. मापांतला फरक ०.१० मिमीच्या वर गेला की बोअर मारायचा, म्हणजे सिलिंडर मशिनवर मोठा करून घ्यायचा. (आपल्या भागात ‘बोअर मारला’ म्हटलं की लोक पाणी किती फुटांवर लागलं विचारतात, तो भाग वेगळा.)

बोरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग आणि हेड फेसिंग ही कामं घरी होत नाहीत, पण त्यासाठी लांब जायची गरजही नाही. क्रँकशाफ्टचं काम बेळगावला नवं नाही, तिथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशिनवर बसणारी माणसं याच कामात मुरलेली आहेत. फक्त क्रम चुकवू नका. ब्लॉक नेण्याआधी ओव्हरसाइज पिस्टन विकत घ्या, ०.२५ किंवा ०.५० चे, तिन्ही एकाच मापाचे. ते हातात देऊन सांगा की याच पिस्टनवर बोअर मारा, हा पिस्टन एक नंबरला, हा दोनला. उलट केलंत, म्हणजे आधी बोअर आणि मग पिस्टन, तर शतांश मिमीच्या फरकात एक सिलिंडर जाम आणि एक सैल निघतो. बेअरिंग शेलचं (क्रँक ज्यात फिरते त्या अर्धगोल पट्ट्यांचं) बरोबर उलटं: क्रँक किती घासावी लागली ते कळल्याशिवाय शेल घेऊ नका.

ब्लॉक शनिवारी सकाळीच ताब्यात घ्या, आणि त्याच दिवशी धुवायचा. इथे बहुतेकजण डिझेलने पुसून मोकळे होतात आणि पाच हजार किलोमीटरवर पुन्हा धूर सुरू होतो. होनिंगच्या दगडाची पूड बोअरच्या बारीक रेघांत रुतलेली असते. डिझेल किंवा पेट्रोल तिला नुसतं इकडून तिकडे सरकवतं. गरम पाणी, कपडे धुवायची पावडर आणि ताठ ब्रश घ्या आणि प्रत्येक बोअर घासा. मग पांढऱ्या धोतराचा तुकडा ऑइलमध्ये बुडवून आतून फिरवा. राखाडी आला तर पुन्हा घासा. चौथ्या-पाचव्या वेळी कापड स्वच्छ निघतं. लगेच हवा मारून कोरडं करा आणि बोटाने ऑइल चोपडा. खानापूर-जांबोटीकडच्या आषाढात उघडा बोअर एका रात्रीत तांबूस होतो; खरं तर हे काम दिवाळीनंतरच काढावं. क्रँकच्या ऑइलच्या भोकांतूनही तारेचा ब्रश आणि हवा घाला. ग्राइंडिंगचा एक कण आत राहिला तरी नवा शेल खातो.

बांधताना शेलची पाठ कोरडी आणि तोंड ऑइलने ओलं. प्लास्टिगेजने, म्हणजे दाबून चपटा होणाऱ्या मापाच्या प्लास्टिक दोऱ्याने, फट तपासून घ्या. मेन बेअरिंगला ०.०२ ते ०.०४ मिमी हवी. प्लास्टिगेज आत असताना क्रँक फिरवायची नाही. मेन कॅप ४३ ते ४८ न्यूटन-मीटर. एकेक कॅप आवळून क्रँक हाताने फिरवा, जड लागली की तिथेच थांबा. शेवटी बघू म्हणालात तर कुठली कॅप अडतेय ते कळणार नाही.

प्रत्येक रिंग बोअरमध्ये पिस्टनने सरळ ढकलून टोकांमधली फट मोजा. फट कमी असेल तर इंजिन तापल्यावर टोकं भिडतात आणि रिंग मोडते. खूण असलेली बाजू वर, तोंडं एकाखाली एक येऊ न देता फिरवलेली. पिस्टनवरचा बाण टायमिंग बेल्टच्या बाजूला. रॉडच्या बोल्टवर रबरी नळीचे तुकडे चढवा, नाहीतर नुकतीच घासलेली क्रँक ओरखडते. पिस्टन हातोडीच्या लाकडी दांड्याने ठोकत उतरवायचा. आवाज बदलला म्हणजे रिंग बाहेर उसळलीय, काढा आणि परत घाला.

हेड गॅस्केट कोरडंच बसवा, डिंक-बिंक नको. ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांत साचलेलं ऑइल आधी काढा. ऑइलवर बोल्ट आवळला की रेंच खोटा आकडा दाखवतो आणि आटे मरतात किंवा ब्लॉक चिरतो. मधून बाहेर, तीन फेऱ्या: २०, ४०, मग ५५ ते ६० न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच अंदाजाने वापरायची गडबड करू नका, नसेल तर मागून आणा. टायमिंग बेल्टच्या खुणा जुळवून क्रँक पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा बघा.

रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि पंखा जुनेच ठेवलेत तर एवढं सगळं पाण्यात. गाडी दोनदा गरम झाली तिचं कारण इंजिनाच्या बाहेरच असण्याचा संभव जास्त. रेडिएटर उघडून साफ करून घ्या आणि त्यात बोअरवेलचं जड पाणी नको, कूलंट घाला.

ब्लॉकच बाद निघाला आणि दुसरा बसवायचा ठरला तर इंजिन नंबर बदलतो. आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद आधी. ब्लॉकची मूळ कागदपत्रं नसतील तर तो कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका.

पहिल्यांदा स्टार्ट करण्याआधी प्लग काढूनच स्टार्टर थोडा थोडा फिरवा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावा. चालू झाल्यावर आयडलवर सोडू नका, १५०० ते २००० आरपीएमवर दहा-पंधरा मिनिटं चालवा. एकाची नजर तापमानाच्या काट्यावर, दुसऱ्याची खाली गळतीवर. पहिले हजार किलोमीटर साठच्या आत, पण वेग कमीजास्त करत. सांबऱ्याकडचा सपाट रस्ता बरा. चोर्ला आणि आंबोली घाट तूर्त विसरा.

पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला. जुनं ऑइल पांढऱ्या टबात काढून उन्हात धरा. बारीक चमक थोडी दिसतेच, ती नव्या रिंगांची. बोटांत चुरडल्यावर टोचणारे कपचे लागले तर गाडी तिथेच उभी करा आणि चेंबर (खालची ऑइलची टाकी) उतरवा.