घरी केलेला कोंबुचा, म्हणजे आंबवलेला गोड चहा, वडिलांना रोज दिला तर शुगर उतरेल का? इम्युनिटी वाढेल का?

शुगरचं आधी उरकते. २०२३ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठाचा अभ्यास आला. टाइप टू डायबेटिसचे १२ पेशंट, चार आठवडे कोंबुचा, उपाशीपोटीची शुगर सरासरी १६४ वरून ११६. माणसं बाराच. एवढ्यावर वडिलांची गोळी बंद करू नका.

इम्युनिटीचं वाचून मात्र राहवलं नाही. माझ्या दादाची किडनी बदललीय. शरीराने ती परकी म्हणून नाकारू नये यासाठी त्याची प्रतिकारशक्ती गोळ्यांनी मुद्दाम खाली ठेवलीय. आणि आमचा मावसभाऊ लोणच्याच्या जुन्या चिनी मातीच्या बरणीत कोंबुचा घेऊन आला, दादाची इम्युनिटी वाढवायला! वर तरंगणारा तो जाड पापुद्रा सगळ्यांना दाखवत होता, "बघा, जिवंत आहे." म्हणूनच नको, म्हटलं आणि बरणी मोरीत ओतली. आई म्हणाली, घरी आलेल्याचा अपमान केलास. केला. मावसभावाचं म्हणणं, दही, इडलीचं पीठ आंबवलेलंच ना? अरे, इडली आपण वाफवतो. दही उकळलेल्या दुधाला रात्रभरात लागतं. हा गोड चहा आठ-दहा दिवस फडक्याखाली बसतो, त्यात भलतं काही वाढलं तर डोळ्यांना दिसेलच असं नाही.

बरणीचं तर त्याच्या डोक्यातच नव्हतं. सिरॅमिकच्या भांड्यात केलेला कोंबुचा सहा महिने पिऊन सिडनीत एका जोडप्याला शिशाची विषबाधा झाली होती, १९९८ मध्ये ते छापून आलं. आंबट पाणी झिलईतलं शिसं ओढून घेतं. कल्हई उडालेल्या पातेल्यात चिंचेची आमटी न ठेवणाऱ्या घरात हे सांगावं लागावं?

१९९५ मध्ये अमेरिकेत आयोवात घरचा कोंबुचा पिणाऱ्या दोन बायकांच्या रक्तात आम्ल भयंकर वाढलं, एक दगावली. कोंबुचामुळेच, हे सिद्ध झालं नाही. तिथल्या सीडीसीनेही (सरकारी रोगनियंत्रण संस्था) तेव्हा म्हटलं होतं की धडधाकट माणसाला दिवसाला साधारण १२० मिलीने त्रास होऊ नये.

म्हणजे वडिलांना किडनी-लिव्हरचं काही नसेल तर पाश्चराइज केलेली (तापवून जंतू मारलेली) बाटली, अर्धा कप, लेबलवरची साखर वाचून. घरीच करायचा तर काचेची बरणी. थोडा अल्कोहोल त्यात तयार होतोच, त्यामुळे गरोदर बाईला, लहान मुलांना नाही. केमो चालू असलेल्याला, ट्रान्सप्लांटवाल्याला थेंबही नाही.

मावसभाऊ अजून मलाच अडाणी म्हणतो. त्याने दादाबरोबर एकदा किडनीच्या डॉक्टरांकडे यावं आणि हे सगळं त्यांच्यासमोर बोलून दाखवावं. मी सोबत येईन.