इटालियन मोटरसायकलींचे प्रिंट: पहिली खरेदी

पहिला प्रिंट घेताना आधी गाडी ओळखा, मग कागद. डिझायनर मासिमो तांबुरिनीची १९९४ची डुकाटी ९१६ घ्या. सीटखालून निघणारे दोन सायलेन्सर, एकाच बाजूचा स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा), चालकाच्या बाजूने पाहता चेन डावीकडे आणि ड्राय क्लच (तेलाविना चालणारा क्लच) उजवीकडे. चेन उजवीकडे दिसली तर चित्र उलटं छापलंय, सरळ सोडून द्या.

मग १० पट भिंग लावा. ठिपक्यांची नियमित फुलं दिसली तर तो ऑफसेट, म्हणजे छापखान्यात मोठ्या संख्येने छापलेला पोस्टर. ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणून जास्त पैसे मोजू नका. स्क्रीनप्रिंटमध्ये (जाळीतून शाई दाबून छापलेल्या चित्रात) शाईचे सपाट, भरीव थर दिसतात. माझ्या मते या गाड्यांच्या ठसठशीत रेषांना तोच शोभतो. समासात पेन्सिलीने १२/१०० (शंभरपैकी बारावी प्रत) असा क्रमांक आणि सही पाहा. समास कधीही कापू नका, किंमत तिथेच पडते.

नळीतून आलेला प्रिंट उलटा गुंडाळून सरळ करू नका, शाईला तडे जातात. ब्लॉटिंग पेपरमध्ये दोन दिवस वजनाखाली ठेवा.

फ्रेमवाल्याला आम्लमुक्त माउंटच (फ्रेममधला प्रिंटचा पुठ्ठा) सांगा. प्रिंट फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या दोन पट्ट्या आणि गव्हाच्या खळीने टांगायचा. सेलोटेपचा पिवळा डाग सहसा निघत नाही. चारी कडा चिकटवल्या तर पावसाळ्यात फुगलेल्या कागदाला सरकायला जागा उरत नाही, लाटा येतात. काच प्रिंटला टेकू देऊ नका.