बेटांवर धावायचंय? आधी तिथी बघा, मग किलोमीटर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा होता: पुण्याहून पर्वरीला बदली झाली आहे, हाफ मॅरेथॉनची तयारी चालू आहे, रविवारचं लांब धावणं बारा-पंधरा किलोमीटरचं असतं. गाड्या कमी आणि पाणी सतत डोळ्यांसमोर असं एखादं बेट गोव्यात आहे का, आणि समुद्रातल्या बेटांवर धावता येतं का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो. समुद्रातली बेटं विसरा. अंजदीव नौदलाच्या ताब्यात आहे आणि ग्रँड आयलंडवर होडीने जातात ते पोहायला, मासे बघायला. तिथे धावायला रस्ताच नाही. आपली धावायची बेटं मांडवीच्या पात्रात आणि तिच्या फाट्यांवर आहेत: दिवाडी, चोडण, जुवे, खोर्जुवे. मात्र समुद्र तिथेही रोज दोनदा येऊन जातो, आणि हे लक्षात ठेवलंत तर या वाटा तुम्हाला खऱ्या अर्थाने कळतील.

सुरुवात दिवाडीनेच करा. जुन्या गोव्याला व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली उतरलात की समोर धक्का. पायी जाणाऱ्याला साध्या फेरीबोटीत तिकीट नाही. दोन-चार मिनिटांत पलीकडे. रॅम्पवर शेवाळ असतं, तिथे धावत उतरू नका. मी दोघांना तिथे पडताना पाहिलंय. वर आलात की दोन्ही बाजूंना खाजन शेती, म्हणजे बांध घालून नदीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं, आणि मधून सरळ सपाट रस्ता, तो पिएदाद गावाकडे जातो. अंग गरम करायला याहून चांगला रस्ता मला तिसवाडी तालुक्यात माहीत नाही. कोकण रेल्वेचा मार्ग हे बेट ओलांडून जातो. पहाटेच्या धुक्यात शेतांपलीकडून गाडी जाताना फक्त खिडक्यांच्या उजेडाची रांग सरकताना दिसते. इतक्या वर्षांनंतरही मी तेव्हा थांबतो.

गावात शिरल्यावर टेकडीवर पिएदादचं चर्च आहे. चढ लांबीला फार नाही पण तयारीला पुरेसा आहे, चार फेऱ्या मारल्यात तर पोटऱ्या बोलायला लागतात. वरून मांडवीचे फाटे एकदम नजरेत येतात. पुढे उत्तरेला बेटावरच्या नार्व्याच्या धक्क्यापर्यंत जा. जाऊन-येऊन दहा-बाराच्या घरात अंतर भरतं, टेकडी धरली की तुमचं रविवारचं काम झालं. आणि ज्या दिवशी पायात जोर असेल त्या दिवशी परत फिरू नका, तिथली फेरी घेऊन डिचोलीकडच्या नार्व्याला उतरा आणि सप्तकोटीश्वराच्या देवळापर्यंत धावा. कदंब राजांचं हे दैवत मुळात दिवाडीवर होतं. पोर्तुगीज काळात देऊळ मोडलं, लिंग नदीपार नेलं गेलं, आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी तिथलं देऊळ नव्याने बांधवून घेतलं. म्हणजे देव ज्या बाजूने गेला त्याच बाजूने तुम्ही नदी ओलांडता. माझी गोव्यातली सगळ्यांत आवडती वाट हीच.

आता तिथीचं सांगतो, कारण पुण्यातून आलेल्या माणसाला ही सवय नसते. आपल्याकडचे जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. पंचमीला पाच पाऊण पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यापुढे सव्वासहा तासांनी ओहोटी. रोज वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हा ढोबळ हिशेब आहे. नेमकी वेळ मुरगाव बंदराच्या तक्त्यात बघा, आणि नदीत आत जाल तसं पाणी थोडं उशिरा पोचतं हे धरा. पण धावायला ढोबळ हिशेब पुरतो. अष्टमीच्या आसपास सकाळी सहाला निघालात तर पाणी काठोकाठ, स्थिर, आभाळ त्यात उतरलेलं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास त्याच वेळी निघालात तर पाणी ओसरलेलं, चिखल उघडा पडलेला, आणि त्यावर बगळे, तुतारी, ढोकरी असे पक्षी चरताना दिसतात. एकाच रस्त्याची ही दोन रूपं आहेत. मला दुसरं जास्त आवडतं, माझ्याबरोबर धावणाऱ्याला पहिलं.

ज्यांना याचं महत्त्व पटत नाही त्यांना मी जुव्याला नेतो. नोव्हेंबर 1683 मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने रात्री ओहोटी साधून या बेटावर पाऊल टाकलं आणि किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी स्वतः पोर्तुगीज व्हाइसरॉय तो परत घ्यायला आला, त्याला जखमी होऊन पळावं लागलं. त्या किल्ल्याच्या टेकडीवर आज ख्रिस्तराजाचा पुतळा आहे. बेट लहान आहे, पुलाने जोडलेलं आहे, भेंडीच्या मळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. हलकं धावण्याच्या दिवशी छान, लांब धावायला पुरत नाही.

चोडणबद्दल सगळेच सांगतील, म्हणून थोडं सावध करतो. रायबंदरहून फेरीने उतरल्यावर दोन्ही बाजूंना कांदळवन आहे, सुरुवातीचा पट्टा देखणा आहे. पण पणजीला कामाला येणाऱ्यांची वर्दळ त्याच रस्त्यावर असते, मयेच्या पुलावरूनही गाड्या येतात. आठवड्याच्या दिवशी सकाळी सातनंतर मी तिथे धावणार नाही. रविवारी पहाटे जरूर जा. धक्क्याजवळच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपास. ती धावायची जागा नाही. धावणं संपल्यावर शांतपणे आत चाला.

तुम्ही पर्वरीला आहात, म्हणून खोर्जुवेही सांगून ठेवतो. हळदोण्याहून केबलच्या पुलाने जायचं, फेरीची वाट बघावी लागत नाही. बेटावर चिऱ्याचा छोटा किल्ला आहे, 1705 पासून पोर्तुगीजांकडे होता. तटावरून म्हापसा नदीचं वळण दिसतं. ऑफिसच्या दिवशी तासाभरात उरकायला हे बेट उत्तम.

आता जे मला सगळ्यांत कळकळीने सांगायचं आहे ते. दिवाडीला गेलात की तुम्हाला बांध दिसतील. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला शेत, मधून मातीची अरुंद पायवाट क्षितिजापर्यंत गेलेली. बघताक्षणी वाटतं, धावायला हीच वाट. मीही पहिल्या पावसाळ्यात धावलो. कुर्ल्यांनी पोखरलेल्या जागी पाय घोट्यापर्यंत आत गेला, मी आडवा झालो आणि बांधाचा हातभर तुकडा शेताच्या बाजूला खचला. खाली रोप लावणाऱ्या बाईंनी वर पाहिलं. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाबा, बांदार धांवूं नाका. खारें उदक भितर सरलें जाल्यार आमचें शेत गेलें." म्हणजे खारं पाणी आत शिरलं तर आमचं शेत गेलं. मग चिखलाचे गोळे करून त्यांनी तो तुकडा हातांनी थापून बसवला. मी लंगडत मदतीला उतरलो, पण गोळा कसा दाबायचा हेही मला त्यांनीच दाखवलं: आधी पेंढा, मग चिखल, मग तळव्याने बाहेरून आत.

त्या दिवशी त्यांनी मला मानसही दाखवली. बांधात बसवलेलं लाकडी दार. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं तेव्हा ते आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी रेटतं तेव्हा उघडतं आणि शेतातलं जादा पाणी नदीत जातं. माणसाने हात न लावता दिवसातून दोनदा हे चालतं. आतमध्ये कोरगुटासारखं थोडाफार खार सोसणारं भात पिकतं. पण खार सोसणं वेगळं आणि बांध फुटून नदी आत येणं वेगळं. तसं झालं की पुढचे हंगामही हातचे जातात. आपल्या बुटाची टाच एकाच जागी हजार वेळा आपटते, गुरांच्या खुरांइतकंच ते बांधाला लागतं. म्हणून रस्त्यावर धावा आणि बांधावर चाला. शेवटची वीस मिनिटं बांधावर चालत घालवा, वाटेत कोणी भेटलं तर "देव बरें करूं" (देव भलं करो) म्हणा, ते तुम्हाला बसवून घेतील.

बाकी किरकोळ. मे महिन्यात सहाच्या आधी निघा, उजाडतं तेव्हाच दमट हवेने अंग चिंब होतं. जानेवारीत सूर्यच सातला उगवतो, घाई नको. पाणी बरोबर ठेवा, सोबत मीठ-साखर. कुत्री अंगावर आली तर थांबा आणि चालायला लागा, पळू नका. अंग थंड करायला खाडीत उतरू नका; कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत आणि त्या फाट्यांतून फिरतात. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीला बोंदेरा असतो, त्या दिवशी बूट घरी ठेवून सण बघायला या.

येत्या रविवारी जाणार असाल तर पहिली फेरी कधीची ते आदल्या दिवशी धक्क्यावर विचारून ठेवा. परत येताना पिएदादमध्ये सायकलवरच्या पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू येईल. त्याच्याकडून गरम पोयी (गोव्याचे गोल पाव) घ्या, दोन जास्तच घ्या, फेरीत कोणी ना कोणी उपाशी धावणारा भेटतोच.