पैसे थकले म्हणून क्लायंटची साइट बंद करू नका

प्रश्न: मी स्वतंत्रपणे वेबसाइट डिझाइन करतो. जीएसटी नोंदणी आहे, एलयूटीही (निर्यातीवर जीएसटी न भरण्याची सवलत देणारं हमीपत्र) भरलेलं आहे. टेक्सासमधल्या एका कंपनीचं ४,८०० डॉलरचं काम घेतलं. सही केलेला करार नाही, सगळं ईमेलवर ठरलं. ४० टक्के ॲडव्हान्स बँकेत आला. सात महिन्यांपूर्वी साइट सुरू झाली आणि त्याच दिवशी उरलेल्या २,८८० डॉलरचं बीजक पाठवलं. आता कंपनी म्हणते, ‘हे वर्क फॉर हायर आहे, साइट आमची. पैशांचं नंतर बघू.’ डोमेन आणि होस्टिंग त्यांच्या नावावर आहे, पण माझा ॲडमिन पासवर्ड अजून चालतो. साइट बंद केली तर पैसे निघतील का?

उत्तर: नाही, आणि तो पासवर्ड आजपासून वापरूच नका. होस्टिंग त्यांचं आहे. काम संपल्यावर त्यात शिरून साइट बंद पाडणं हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ खाली येतं. हेतू अप्रामाणिक ठरला तर कलम ६६ लागतं: ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अमेरिकेतही असाच कायदा आहे. शिवाय साइट बंद असताना बुडालेल्या विक्रीची भरपाई ते तुमच्याकडे मागतील आणि ती २,८८० डॉलरच्या पुढे सहज जाईल. ‘पैसे द्या, नाहीतर साइट बंद करतो’ असा ईमेलही पाठवू नका. आज तुम्ही येणेकरी आहात, त्या एका ओळीने आरोपी व्हाल.

उलट त्यांना लिहून कळवा: ‘माझं ॲडमिन खातं काढून टाका, मी ते वापरत नाही.’ जाता जाता त्यांच्या सर्व्हरवरून बॅकअपही उतरवून घेऊ नका. त्यात त्यांच्या ग्राहकांची नावं, पत्ते, ऑर्डरी असतात. तुमच्या संगणकावरच्या डिझाइन फाइल आणि गिटची (कोडमधले बदल तारखेसकट टिपणारी प्रणाली) नोंद पुराव्याला पुरेशी आहे.

आता मालकीचं. ‘वर्क फॉर हायर’ (म्हणजे पहिल्यापासूनच करवून घेणाऱ्याच्या मालकीचं काम) असं तोंडी किंवा ईमेलवर म्हटल्याने काही होत नाही. आपल्या कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे पहिला मालक निर्माता असतो. नोकरीत केलेलं काम नोकरी देणाऱ्याचं ठरतं, पण तुम्ही नोकर नाही. हक्क हस्तांतरित करायचा तर कलम १९ प्रमाणे तुमच्या सहीचा लेख लागतो. अमेरिकी कायद्यातही, बाहेरच्या माणसाचं काम ‘वर्क फॉर हायर’ ठरायला दोन्ही बाजूंच्या सह्यांचा लेख हवा, आणि काम कायद्यात दिलेल्या नऊ प्रकारांपैकी एकात बसायला हवं. तुमच्याकडे सहीच नाही, म्हणजे कोणत्याही बाजूने बघा, तुम्ही स्वतः घडवलेला भाग तुमचा आहे. तयार थीम, प्लगइन, विकत घेतलेले फाँट, त्यांचा लोगो आणि मजकूर मात्र तुमचे नाहीत.

इथे बरेच डिझायनर घसरतात. मालकी माझी, मग होस्टिंग कंपनीला डीएमसीए (अमेरिकी कॉपीराइट कायदा) नोटीस देऊन साइट उतरवू, असं त्यांना वाटतं. टेक्सास ज्या पाचव्या सर्किटमध्ये (अमेरिकी अपील न्यायालयांच्या विभागात) येतं, तिथल्या अपील न्यायालयाने १९९७ मध्ये जाहिरातींच्या जिंगल्सच्या खटल्यात दोन गोष्टी ठरवल्या. लेखी ‘वर्क फॉर हायर’ करार असूनही जिंगल त्या नऊ प्रकारांत बसत नाही, म्हणून ती बनवणाऱ्याची मालकी गेली नाही. पण ज्याच्या सांगण्यावरून ती केली, त्याला वापराचा गर्भित परवाना (न लिहिता, वागण्यातून मिळालेला) आहे. तुम्ही ॲडव्हान्स घेतलात, साइट स्वतः सुरू करून दिलीत, ‘पूर्ण पैसे मिळेपर्यंत वापर नको’ असं कुठे लिहिलं नाहीत. हाच परवाना तुमच्यासमोर ठेवला जाईल. डीएमसीए नोटिशीत जाणूनबुजून चुकीचं विधान केलं तर भरपाई द्यावी लागते, म्हणून ते हत्यार इथे उचलू नका. तुमची बाजू भक्कम आहे ती येणं रकमेची. तिथेच जोर लावा.

आधी पुरावा नीट करा. ईमेलचे स्क्रीनशॉट पुरत नाहीत, मूळ ईमेल हेडरसकट ईएमएल स्वरूपात उतरवून ठेवा. दर ठरल्याचा ईमेल, काम पसंत असल्याचा ईमेल, साइट सुरू झाल्याचा ईमेल, दोन्ही बीजकं, आणि ॲडव्हान्सचं बँकेने दिलेलं एफआयआरए (परदेशातून पैसे आल्याचा दाखला). हा शेवटचा कागद लोक विसरतात, पण ४० टक्के पाठवले म्हणजे सौदा मान्य होता, हे तो एकटा सांगतो. चालू साइटची नोंद वेबॅक मशीनवर (वेबसाइटच्या जुन्या प्रती जपणारं संकेतस्थळ) करून घ्या.

मग नोटीस. टेक्सासच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे कंपनीची नोंद शोधा. तिथे ‘रजिस्टर्ड एजंट’चं (कंपनीच्या वतीने कायदेशीर कागद स्वीकारणाऱ्याचं) नाव-पत्ता मिळेल. नोटीस त्या पत्त्यावर कुरियरने आणि ईमेलनेही पाठवा. बीजक क्रमांक, रक्कम, काम पोचल्याची तारीख, बँकेचा तपशील आणि ३० दिवसांची मुदत लिहा. ३० दिवस यासाठी की मागणी केल्यावर एवढ्या काळात पैसे आले नाहीत, आणि पुढे वकील लावून खटला जिंकलात, तर टेक्सासचा कायदा वकिलाची फीही समोरच्याकडून मिळवून देतो.

तरीही हलले नाहीत तर दावा तिथेच करा. टेक्सासच्या जस्टिस कोर्टात (छोट्या दाव्यांचं स्थानिक कोर्ट) २०,००० डॉलरपर्यंतचे दावे चालतात, वकील सक्तीचा नाही, दावा ऑनलाइन दाखल होतो. कंपनीचं कार्यालय ज्या भागात आहे, तिथलं कोर्ट निवडा. दूरस्थ सुनावणीचा अर्ज सुरुवातीलाच द्या, परवानगी न्यायाधीशांच्या हाती असते. समन्स बजावल्यावर उत्तराला १४ दिवस असतात. गप्प बसले तर एकतर्फी निकाल मागता येतो. पण निकाल आणि वसुली वेगळ्या. कंपनी चालू आहे आणि तिच्या खात्यात पैसे आहेत, हे दावा करण्याआधी पाहा.

दावा भारतातही लावता येतो, कारण काम इथे झालं. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली अमेरिका परस्पर-मान्यतेचा देश नाही. इथला हुकूमनामा घेऊन टेक्सासमध्ये पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागेल. एवढ्या रकमेसाठी हा रस्ता मी सुचवणार नाही. इथली मुदत काम झाल्यापासून ३ वर्षं आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण तिचं घड्याळ चालू आहे. एलयूटीवर कर न भरता निर्यात केलीत, म्हणून सीजीएसटी नियम ९६अ लागतो. बीजकाच्या तारखेपासून एक वर्ष किंवा फेमाखाली (परकीय चलन कायदा) मिळणारी मुदत, यांतली जी नंतरची, तोवर परकीय चलन आलं नाही तर पुढच्या १५ दिवसांत त्या बीजकावर आयजीएसटी (निर्यातीवरचा जीएसटी) व्याजासह भरावा लागतो. नाही भरलात तर एलयूटीची सवलत थांबते आणि बाकीच्या क्लायंटच्या कामावरही त्याचा परिणाम होतो. पैसे बुडाले आणि वर १८ टक्के खिशातून, असं नको असेल तर सीए आणि बँकेशी याच महिन्यात बोला. वसुलीच्या प्रयत्नांचे कागद मुदतवाढ मागताना उपयोगी पडतात.

पुढच्या कामाला साइट तुमच्या स्टेजिंग (चाचणीच्या) सर्व्हरवरच ठेवा, शेवटचा हप्ता आल्यावर हलवा, आणि कोटेशनमध्ये ही ओळ घालून त्यावर दोघांच्या सह्या घ्या: ‘संपूर्ण रक्कम जमा झाल्यावरच वापराचा परवाना आणि कॉपीराइट ग्राहकाकडे जाईल, जगभरासाठी आणि कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी.’ शेवटचे शब्द क्लायंटच्या सोयीचे आहेत. ते नसतील तर कलम १९ प्रमाणे हस्तांतरण फक्त भारतापुरतं आणि ५ वर्षांचं धरलं जातं. हे समजावून सांगितलंत की परदेशी क्लायंट सहीला सहसा आढेवेढे घेत नाहीत.