मुलगी कम्युनिटी कॉलेजला, त्यात आर्ट्स

"आमची मुलगी कम्युनिटी कॉलेजला जाते. आधी कॉम्प्युटर सायन्स होतं, आता म्हणते इतिहास घ्यायचाय. ओळखीतल्या सगळ्यांची मुलं मोठमोठ्या युनिव्हर्सिट्यांत आहेत. ताई, आमचं कुठे चुकलं हो?"

गेल्या महिन्यात एका आईने मला फोनवर हे विचारलं. शब्द थोडेफार बदलतात, पण हा प्रश्न मी सोळा वर्षं ऐकते आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात, पूर्वेकडच्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या सरकारी कॉलेजात, मी समुपदेशक आहे. त्या ताईंना फोनवर जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. पण खरं उत्तर एका दुसऱ्याच घराच्या गोष्टीत आहे, आणि ती लिहायची परवानगी मी त्या मुलीकडून घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला आपण रेवा म्हणू.

रेवा पहिल्यांदा आली ती मार्च २०२३ मध्ये. वेळ न घेता येणाऱ्या मुलांना आम्ही दहा-पंधरा मिनिटं देतो, त्या रांगेत ती होती. दुसऱ्या कॅल्क्युलसच्या वर्गातून नाव काढायचं होतं. ठरलेल्या तारखेआधी नाव काढलं तर गुणपत्रकावर नापासऐवजी 'डब्ल्यू' येतो. दारावरचं माझं आडनाव वाचून ती इंग्रजी सोडून मराठीत आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, डब्ल्यू पडला तर बाबांना कळेल का?"

माझ्याकडून नाही कळणार, असं मी सांगितलं. भारतातून आलेल्या पालकांना हे पचायला फार जड जातं. इथे १९७४ चा फर्पा नावाचा कायदा आहे. मूल कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींचा हक्क त्याचा होतो, फी कोणीही भरो. त्यामुळे आई-वडिलांनी फोन केला तरी मुलाच्या लेखी संमतीशिवाय मी त्याच्या मार्कांबद्दल एक अक्षर बोलू शकत नाही. पण एवढं सांगून गप्प बसणं मला कधीच जमलेलं नाही. मी रेवाला म्हटलं, "मी सांगणार नाही. पण तू कधी सांगणार?"

ती रडली नाही. तिने गुणपत्रक पुढे सरकवलं. पहिलं कॅल्क्युलस सी. प्रोग्रॅमिंग बी. अमेरिकेचा इतिहास ए. "मला हिस्टरी मेजर करायचंय," ती म्हणाली. मेजर म्हणजे पदवीचा मुख्य विषय.

मी लगेच हो म्हटलं नाही. गणितातून पळणं वेगळं आणि इतिहासाकडे जाणं वेगळं. एकोणीस वर्षांच्या पोराला हा फरक आतून कळत नाही, आणि पहिल्या भेटीत तो मलाही कळत नाही. इतिहासाच्या सोप्या वर्गात ए मिळाला यावरून काहीच ठरत नाही. मी तिला सांगितलं, मेजर आत्ता बदलू नकोस. उरलेल्या सत्रात इतिहासाच्या सरांचा मोठा पेपर मन लावून लिही, पुढच्या सत्रात तर्कशास्त्राचा वर्ग घे आणि सोबत स्टॅटिस्टिक्स घे. तर्कशास्त्र आमच्याकडे तत्त्वज्ञान विभागात शिकवतात आणि भल्याभल्यांना घाम फोडतं.

पहिल्या मसुद्याला तिला बी मायनस मिळाला. त्यानंतर ती सरांच्या ऑफिसच्या वेळात चार वेळा जाऊन बसली आणि पेपर तीनदा लिहिला. हे कळलं तेव्हा माझी खात्री पटली. मार्क पडल्यावर पोर कुठे जाऊन बसतं, हे मी मार्कांपेक्षा जास्त बघते.

कम्युनिटी कॉलेजबद्दल आपल्या लोकांत जे बोललं जातं त्याने मला मनापासून वाईट वाटतं. "ज्याला कुठे मिळालं नाही त्याचं कॉलेज." बारावीला टक्के कमी पडले की "आर्ट्सला घातलं" म्हणायचो, तोच सूर. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत. दर युनिटला, म्हणजे अभ्यासाच्या एका क्रेडिटला, ४६ डॉलर फी. पंधरा युनिटांचं सत्र ६९० डॉलरांत होतं, आणि पदवीच्या पहिल्या दोन वर्षांची साठ युनिटं २,७६० डॉलरांत. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या एखाद्या कॅम्पसात, इथले रहिवासी असलात तरी, एका वर्षाची फी पंधरा हजार डॉलरांच्या वर जाते आणि राहण्याजेवण्याचा खर्च वेगळाच. १९६० मध्ये राज्याने उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला तेव्हाच ठरलं होतं की पहिली दोन वर्षं इथे करून पुढे विद्यापीठात जायची वाट उघडी राहील. तिलाच ट्रान्सफर म्हणतात. पदवी शेवटी विद्यापीठाचीच मिळते आणि त्या कागदावर कम्युनिटी कॉलेजचं नाव येत नाही.

शिकवण्याचं म्हणाल तर आमच्या इतिहासाच्या वर्गात तीस-पस्तीस मुलं असतात. पेपर सर स्वतः तपासतात, मदतनीस विद्यार्थी नाही. मोठ्या विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या मुलाला हे सहजासहजी मिळत नाही. रेवाच्या बी मायनसखाली सरांनी पानभर लिहिलं होतं. ते पान तिने अजून जपून ठेवलंय.

मे महिन्यात रेवा वडिलांना घेऊन आली. संमतीचा फॉर्म तिने स्वतः भरला होता. वडील सांता क्लाराला हार्डवेअरच्या कंपनीत, आई अकाउंट्समध्ये, घर फ्रीमाँटला. वडिलांनी एक्सेलचा प्रिंट काढून आणला होता: डाव्या रकान्यात मेजर, उजव्या रकान्यात सुरुवातीचा पगार. इतिहासाची ओळ पिवळी केली होती.

"मॅडम, मी विरोधात नाही," ते म्हणाले. "फक्त हिचं पोट कसं भरणार ते सांगा."

या प्रश्नाला मी कधी हसत नाही, आणि त्यावर भाषणही देत नाही. मी त्यांच्या कागदाशीच बोलले. कॉम्प्युटरवाल्यांच्या मानाने हिची पहिली नोकरी कमी पगाराची असण्याची शक्यता जास्त, हे आधी कबूल केलं. मग सांगितलं की तुमच्या रकान्यात मेजरपासून नोकरीपर्यंत सरळ रेघ आहे आणि तशी रेघ फार थोड्या विषयांत असते. इथल्या लॉ स्कूलला कुठल्याही विषयाची पदवी चालते. मेडिकललासुद्धा चालते, ठरावीक विज्ञानाचे वर्ग पूर्ण केले की झालं. शाळा, संग्रहालयं, दप्तरखाने, सरकारी खाती, संशोधन संस्था यांना वाचून, पारखून, नीट लिहू शकणारी माणसं लागतात. आणि हातात दुसरं एखादं कौशल्य असलं तर दार लवकर उघडतं, म्हणून मी हिला स्टॅटिस्टिक्स घ्यायला लावलंय.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती लपवली तर मी फसवणूक केल्यासारखं होईल. रेवाचा जन्म इथला, तिला व्हिसाची चिंता नव्हती. स्टुडंट व्हिसावर आलेल्या मुलाचा हिशोब वेगळा असतो. पदवीनंतर काम करायला त्याला ओपीटी नावाच्या परवानगीचे बारा महिने मिळतात. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना त्यावर आणखी चोवीस महिने मिळतात, इतिहासाला मिळत नाहीत. आणि एच-४ वर, म्हणजे आई-वडिलांच्या कामाच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर असलेलं मूल एकविसाव्या वर्षी आई-वडिलांच्या व्हिसातून बाहेर पडतं. अशा घरांत आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला, मग मेजर ठरवू, असं मी स्पष्ट सांगते. तिथली काळजी खरी आहे.

वडील ऐकत होते, पण चेहरा सैल होत नव्हता. "माझ्या वडिलांची नोकरी गेली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा होतो," ते एकदम म्हणाले. "लालबागला चाळीत राहायचो. ब्याऐंशीचा संप." आणि गप्प झाले.

रेवाने बॅगेतून पेपर काढला. सरांनी सांगितलं होतं, घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला त्याच्या कामाबद्दल विचारा, रेकॉर्ड करा आणि त्यावर लिहा. तिचे आजोबा त्या वर्षी सहा महिन्यांसाठी फ्रीमाँटला आले होते. तिने त्यांना स्वयंपाकघरात बसवलं, फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला आणि विचारत गेली. हे वडिलांना माहीत नव्हतं. दुपारी ते कामावर असायचे.

पेपरच्या पहिल्याच पानावर तिने लिहिलं होतं की आजोबा गिरणीत 'ट्रान्सफर वर्कर' म्हणून लागले. आजोबा म्हणाले होते, "मी बदली होतो." बदली म्हणजे ट्रान्सफर, एवढं तिला मराठी येत होतं. शिवाय आमच्या कॉलेजात दिवसभर तोच शब्द कानावर पडतो.

वडिलांनी ते वाचलं आणि कागद खाली ठेवला. "अगं, ही ती बदली नव्हे. बदली कामगार म्हणजे कायम नसलेला. पहाटे उठून गिरणीच्या गेटवर जाऊन उभं राहायचं. साच्यावरचा कोणी आला नाही तर त्याच्या जागी घ्यायचे. सगळे आले तर परत घरी. बाबा कित्येक वर्षं बदलीच होते." मग ते मला सांगू लागले, साचा म्हणजे माग, पाळ्या तीन, भोंग्यावर अख्ख्या चाळीचं घड्याळ चालायचं. रेवा मागच्या कोऱ्या पानावर लिहून घेत होती. मध्येच तिने विचारलं, "संप संपला कधी?"

"संपलाच नाही," ते म्हणाले.

ते खरंच आहे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे घेतल्याचं कधी जाहीरच झालं नाही. माणसं एकेक करून पांगली, काही कोकणात गावी परतली. हे सगळं रेवाच्या पेपरमध्ये होतं. पण 'बदली' तिथे नव्हता, तो वडिलांकडून आला.

माझी ठरलेली अर्ध्या तासाची वेळ कधीच उलटून गेली होती. बाहेर पुढचा विद्यार्थी बसला होता. मी उठून त्याला दहा मिनिटं थांबायला सांगितलं. माझ्या कामात असं करायचं नसतं, तरी केलं.

वडिलांची त्या दिवशी समजूत पटली असं मी म्हणणार नाही. जाताना त्यांनी एक्सेलचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "ताई, प्लॅन लिहून द्या. सत्रवार." मॅडमची ताई झाले होते, तेवढं मी ऐकलं.

प्लॅन मी दिला, आणि त्या फोनवरच्या ताईंनाही माझं पहिलं सांगणं हेच आहे. मुलीला म्हणा, समुपदेशकाकडे जाऊन सत्रवार एज्युकेशन प्लॅन लिहून घे. इथे मानव्यविद्या घेणाऱ्या मुलांचं नुकसान विषयामुळे झालेलं मी क्वचितच पाहिलंय. आवडेल ते वर्ग घेत चार वर्षं इथेच फिरत राहिल्यामुळे झालेलं पुष्कळदा पाहिलंय. कुठला वर्ग कुठल्या विद्यापीठात कशाच्या जागी धरला जातो हे असिस्ट नावाच्या सरकारी साइटवर दिसतं. इतिहासात ट्रान्सफरसाठीची दोन वर्षांची असोसिएट पदवी घेतली तर कॅल स्टेट, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या व्यवस्थेत प्रवेश नक्की असतो, मात्र हवा तो कॅम्पस मिळेलच असं नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे सहा कॅम्पस अटी पूर्ण करणाऱ्याला प्रवेशाची हमी देतात: डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ. ही हमी एकाच कॅम्पससाठी मागता येते आणि अर्ज फक्त सप्टेंबरात भरायचा असतो. बर्कली आणि लॉस एंजेलिस त्यात नाहीत. तिथे नेहमीचा अर्ज करायचा आणि वाट बघायची. पुस्तकांचा खर्च नको असेल तर वेळापत्रकात ज्या वर्गापुढे पुस्तक-खर्च शून्य असल्याची खूण असते तो वर्ग निवडायचा.

आणि मंडळाच्या जेवणात कोणी विचारलं, "मुलीने काय घेतलंय?" तर "इतिहास" एवढंच म्हणा, ताई. पुढे "पण" जोडू नका. मुली तो "पण" ऐकतात. रेवाने मला तसं सांगितलं होतं.

रेवाचं दोन वर्षांचं काम तीन वर्षांत झालं. मेजर बदलल्यावर बहुतेकांचं तसंच होतं. सप्टेंबर २०२४ ला तिने डेव्हिसची हमी मागितली, बर्कलीलाही अर्ज केला. बर्कलीने नाही म्हटलं. त्या आठवड्यात ती माझ्याकडे आली नाही, पुढच्या आठवड्यात आली. २०२५ च्या शरद सत्रापासून ती डेव्हिसला आहे. सुट्टीला घरी आली की परतताना वडील तिला फ्रीमाँटच्या सेंटरव्हिल स्टेशनवर सोडतात, तिथून कॅपिटॉल कॉरिडॉरची गाडी थेट डेव्हिसला जाते. नोकरीचं काय, हे ते अजूनही विचारतात. ती म्हणते, आता ते गाडीत विचारतात, त्यामुळे उत्तर द्यायला वेळ मिळतो.

पुढच्या उन्हाळ्यात दोघं आजोबांकडे जाणार आहेत. वडिलांनी तीन आठवडे रजा टाकली आहे. रेकॉर्डिंगमधले दोन शब्द अजून त्यांनाही लागलेले नाहीत.