भुलीचं इंजेक्शन डिप्रेशनला? मग आईला काही होणार तर नाही ना?

अमळनेरकडचा एक मुलगा आईला घेऊन आला होता (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). दोन वेगवेगळ्या गोळ्या पूर्ण डोसने, पुरेसे दिवस घेऊनही डिप्रेशन हटेना, म्हणून नाशिकच्या सायकियाट्रिस्टनी केटामाइन इन्फ्युजन सुचवलेलं. पोराने मोबाईलवर शोधलं तर एकीकडे ऑपरेशनची भूल, दुसरीकडे पार्टीतली नशा, झोपच उडाली त्याची. आणि आईचा एकच प्रश्न, "मी येडी व्हई जासू का?"

नाही होणार, माय. औषध भुलीचंच आहे, 1970 पासून वापरात, पण डिप्रेशनला डोस बराच कमी असतो, साधारण किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, तोही सलाईनमधून 40 मिनिटांत हळूहळू. पेशंट बहुतेक जागाच असतो. हात आपला नाहीच असं वाटतं, आवाज लांबून येतात, काहींना मळमळतं. हे तासा-दोन तासांत उतरतं. बीपी मात्र चढतं, आणि या बाईंना बीपी होतंच, म्हणून डॉक्टरांनी आधी ते आटोक्यात आणलं, मगच तारीख दिली. मला ते फार बरं वाटलं, घाई करणारा डॉक्टर असता तर मीच दुसरं मत घ्या म्हटलं असतं. पूर्वी भास-भ्रम झाले असतील तर तेही आधीच सांगायचं, लपवायचं नाही.

सवयीची भीती खोटी नाही. याचा गैरवापर होतो, खूप घेतलं तर लघवीच्या पिशवीला त्रास होतो, 2013 पासून आपल्याकडे हे शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत आहे. म्हणूनच ते हॉस्पिटलमध्ये, नजरेखाली घ्यायचं. डिप्रेशनसाठी हा वापर ऑफ-लेबल, म्हणजे औषधाला ज्यासाठी मंजुरी आहे त्याबाहेरचा आहे हेही डॉक्टरांकडून नीट समजून घ्या, अमेरिकेत 2019 ला मंजुरी मिळाली ती याच्याच भावंडाला, एस्केटामाइनच्या नाकातल्या स्प्रेला.

आठवड्यातून दोनदा, असे सहा डोस ठरले, मग बाई लेकीकडेच राहिल्या नाशिकला. त्या दिवशी काही तास उपाशी जायचं, सोबत माणूस हवं, आणि गाडी दुसऱ्या दिवसापर्यंत चालवायची नाही. तिसऱ्या डोसनंतर लेकीचा फोन, "मॅडम, आई भांडली माझ्याशी! वांगं गॅसवर का भाजलं, काड्यांवर भाजायचं ना, भरीताला चव कुठून येईल." कितीतरी महिने ज्या बाईने ताटाकडे बघितलं नव्हतं ती चवीवरून भांडतेय, मी म्हटलं भांडू दे.

कोर्स संपल्यावर मात्र थोड्याच दिवसांत पुन्हा उदास, पुन्हा अंथरूण. मुलगा हबकला, पैसे वाया गेले म्हणाला. तर असं होतं बऱ्याच जणांना, या औषधाचा असर लवकर येतो तसा दिवसा-आठवड्यांत ओसरूही शकतो, म्हणून गोळ्या बंद करायच्या नसतात आणि पुढचे लांब-लांब अंतराचे डोस द्यायचे का ते डॉक्टर ठरवतात. बरं वाटतं ना, त्या दिवसांतच सकाळचं चालणं, माणसांत बसणं, समुपदेशनाला येणं सुरू करायचं असतं, आम्ही ते उशिरा का होईना पण सुरू केलं. बाई सध्या गोळ्या आणि महिन्यातून एक डोस यावर आहेत, आणि मुलाला घरी काय लक्ष ठेवायचं ते लिहून दिलंय: झोप, जेवण, आणि "जगून काय करू" असलं काही बोलल्या तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.